ओढ्यातले दगड

"जपून, दगड निसरडा आहे," म्हणत श्रीरंगने हात पुढे केला, तो शेजारच्या देवयानीसाठी. मागे उभी असलेली त्याची बायको हेमांगी टणाटण उड्या मारत ओढा पार करून गेली. कुणी पाहिलंसुद्धा नाही.

काटेसावर फुलली की कॉलनीमागच्या या ओढ्याकाठाने सकाळी लांबवर चालत जायचं, हा नवराबायकोचा लग्नापासूनचा नेम. यंदा देवयानी सोबत आली आणि दगड दिसला की श्रीरंगचा हात आपोआप पुढे होऊ लागला. हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला कधी दिला होतास असा हात?" तिने त्याला बाजूला गाठून विचारलं.

तो खरंच गोंधळला. "लग्नाआधी, राजमाचीच्या चढावर. तू झिडकारलास. म्हणालीस, माझा तोल मी सांभाळीन, पुन्हा हात पुढे करायचा नाही. तेव्हापासून केला नाही."

ती हे साफ विसरून गेली होती.

परतताना श्रीरंगने देवयानीला हात धरून ओढ्यापलीकडे नेलं. मागून येणारी हेमांगी मधल्या दगडावर मुद्दाम थांबली. पाय लटपटल्यासारखे केले आणि खाली पाण्याकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदा, तिने हात पुढे धरला.

तो लगेच कुणीतरी घट्ट पकडला.

"घाबरू नका हेमांगीताई, मी आहे ना," देवयानी म्हणाली. काठावर श्रीरंग दुर्बीण लावून काटेसावरीवरचे पक्षी बघत होता.

देवयानीचा तळहात अजून उबदार होता.