इस्त्री केलेले टॉवेल

दुकानदारानं टॉवेलांचा तिसरा गठ्ठा काउंटरवर आपटला, तरी सून गप्पच. सासूबाईंना तेच खात होतं. पोरीनं तोंड सोडलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर मोकळं तरी वाटलं असतं. पण छे! सकाळपासून नुसतं "हं" आणि "असू दे."

आणि चूक तरी काय लहानसहान होती? सुनेचं घराखालीच गाड्या धुऊन चकाकवायचं काम. तिचे चौदा टॉवेल काल दोरीवर वाळत होते. सासूबाईंनी मोठ्या मायेनं ते काढले, चौदाच्या चौदा कडक इस्त्री करून, घड्या घालून फळीवर रचले. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. त्या टॉवेलांचे धागे म्हणे प्लास्टिकचे, इस्त्रीनं वितळून टोकं ताठ झाली. आता ते गाडीवर फिरवायचे म्हणजे रंग खरवडायचा. आणि उद्या सकाळी सातला डॉक्टरीणबाईंची कोरी काळी गाडी यायची होती. काळ्या रंगावर केसाएवढा ओरखडा असला तरी उन्हात तो लांबून दिसतो.

आता ही आपल्याला खाली पाऊल ठेवू द्यायची नाही, सासूबाईंच्या मनात आलं, आणि त्यांना रडूच कोसळेलसं वाटलं. निवृत्तीनंतर दिवस कसा तो सरत नव्हता. खाली पाण्याचे, माणसांचे आवाज. वर आपण आणि भिंतीवरचं घड्याळ. कुठंतरी हात लागावा म्हणून तर तो सगळा उपद्व्याप.

"घ्या ताई, एक नंबर माल," दुकानदार म्हणाला. "लोणी आहे लोणी. डोळे झाकून फिरवा गाडीवर."

सून टॉवेल उलटसुलट करत लेबल वाचत होती. तिचे नेहमीचे टॉवेल बाहेरगावाहून यायचे आणि त्यांना चार दिवस लागले असते. या दुकानात मिळेल त्यातलंच काहीतरी आज निवडणं भाग होतं.

सासूबाईंना राहवेना. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक टॉवेल उचलला आणि डोळे मिटून वरच्या ओठावरून हलकेच फिरवला.

"मावशी, गाडी पुसायचीय, बाळ नाही!" दुकानदार हसला.

"बाळंच पुसलीत मी. प्रसूतिगृहात, चौतीस वर्षं." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "बोटांना काही कळत नाही, ती राठ झालेली असतात. ओठाला कळतं. हा टोचतोय."

"काहीतरीच काय! टोचतोय कुठं?"

"कडेला. ही शिवण बघ."

सुनेनं वाकून पाहिलं. कडेला जाड नायलॉनचा दोरा होता. तिनं नखानं तो ओढून बघितला आणि सकाळपासून पहिल्यांदा सासूबाईंकडे नीट पाहिलं. "बरोबर आहे. हाच दोरा घात करतो."

सासूबाईंना जरा बळ आलं. "बाहेर ती निळी गाडी उभी आहे, ती कुणाची हो?"

"आपलीच की! मागच्या महिन्यात घेतली." दुकानदाराची छाती फुगली.

"मग चला. तुमचा हा एक नंबर माल तिच्यावर फिरवून बघू."

दुकानदारानं झटकन टॉवेलावर हात ठेवला. "नको, नको! म्हणजे... थांबा जरा. आत थोडा वेगळा माल आहे."

सून खुदकन हसली. मग हसू आवरेना म्हणून तिनं पाठ फिरवली.

आतून आलेल्या टॉवेलांना ना शिवण होती, ना लेबल. लव चांगली लांब आणि दाट. "घासायलाच नको, नुसता ठेवला की पाणी ओढून घेईल," सून म्हणाली आणि टॉवेल तिनं सासूबाईंपुढं धरला. "आई, तुम्ही बघा."

सासूबाईंनी तो ओठावरून फिरवला. एकदा, दोनदा. "बाळाला चालेल."

"मग गाडीलाही चालेल. बारा द्या."

दुकानदार गठ्ठा बांधता बांधता म्हणाला, "आणि हे बाकीच्या कपड्यांत धुऊ नका हं. इस्त्री तर चुकूनसुद्धा नाही. करतात काही जण! काय डोकं म्हणायचं एकेकाचं."

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"माझ्याकडूनच झालंय तसं," सून शांतपणे म्हणाली. "चुकत चुकतच शिकतो माणूस."

"हिनं नाही केली," सासूबाई म्हणाल्या. "मी केली. चौदाच्या चौदा."

दुकानदारानं मान खाली घालून दोरीला आणखी एक गाठ मारली.

परतताना पिशवीचा एक बंद सुनेच्या हातात होता, एक सासूबाईंच्या. निम्म्या रस्त्यात सासूबाईंनी विचारलंच,

"रागावली होतीस ना गं?"

"होते की. चांगली रागावले होते."

"मग बोलायचं नाही का? जीव टांगणीला लावलास माझा."

"बोलले असते तर तुम्ही परत खाली आला नसता."

 सुनेनं त्यांचा मोकळा हात हातात घेऊन निरखून पाहिला.

"ही अंगठी निघते का?"

"तीस वर्षांत काढलेली नाही. का गं?"

"गाडी पुसणाऱ्यानं हातात काही घालायचं नसतं. धातू लागला की रंग गेलाच. आणि गाडी सातला येतेय."

सासूबाईंनी पिशवीचा आपला बंदही सुनेच्या हातात दिला आणि भर रस्त्यात उभ्या राहून अंगठी पिळायला घेतली.