भुजंगची सीडी

हीही सीडी वाया गेली. गिरिधरनं ती काढली, उजेडात धरून उगाच पाहिली आणि टोपलीत भिरकावली. टोपलीत तिच्या बहिणी आधीच पडलेल्या होत्या.

"काय रे बाबा, जीव घेतोस का माझा?" तो कॉम्प्युटरला म्हणाला. कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. माउस हलवला तरी पडद्यावरचा बाण सवडीनं मागून येत होता.

जालन्याच्या कोर्टासमोरच्या या ऑफिसात गिरिधर वकीलबाईंचं टायपिंग करायचा. आजची सीडी भुजंगची होती. भुजंग एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यात भट्टीवर भाजून मेला. आणि कारखानावाल्यांनी काय म्हणावं? तर त्या दिवशी तो कामावर आलाच नव्हता! गेटावरच्या कॅमेऱ्यात मात्र तो आत जाताना ढळढळीत दिसत होता. तेवढा व्हिडिओ आज सीडीवर कोर्टात गेला नाही, तर पुरावा बंद, मग काहीच दाखल करता येणार नव्हतं. पेनड्राईव्ह तिथं कुणी हातात घेत नव्हतं.

फोन वाजला. "गिरिधर, अहो जल्दी करा. कधीही पुकारा होईल," वकीलबाई कोर्टातून बोलत होत्या.

"करून राह्यलो, मॅडम."

सीडी लिहायचा वेग कमी करून झाला. नेट बंद केलं, अँटिव्हायरस बंद केला. तरी यंत्र आपलं धापा टाकतच होतं. गिरिधरची मान अवघडली होती, डोळे चुरचुरत होते. असल्या यंत्रांच्या नाकदुऱ्या काढण्यात उभी हयात गेली, याचा त्याला मनापासून वीट आला. शेवटी त्यानं आत काय काय चालू आहे ते उघडून पाहिलं. सगळ्यात वर व्हिडिओचा प्लेअर! सगळी ताकद तोच खाऊन बसला होता.

"घ्या! हा कुठं चालू आहे आता?" त्याच्या पडद्यावर तर काहीच नव्हतं.

मग त्याला आठवलं. टेबलावर दुसरा एक पडदा होता, पक्षकाराकडं तोंड केलेला. टाईप होता होताच त्यांनी आपली नावं-गावं तपासून घ्यावीत म्हणून. सकाळी भुजंगची ओळख पटवायला त्यानंच तिथं व्हिडिओ लावला होता, आणि बंद करायचा राहून गेला. संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्या पडद्यासमोर भुजंगची बायको गोजरबाई बसली होती. कुंभार पिंपळगावहून पहिल्या गाडीनं आलेली. तेव्हापासून तिनं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

गिरिधर उठून तिच्या मागं जाऊन उभा राहिला. पडद्यावर भुजंग जेवणाचा डबा घेऊन येत होता, गेटावरच्या माणसाला हात करत होता, आत जात होता. पुन्हा येत होता.

"मावशी, हे बंद करावं लागतंय. ह्याच्यामुळंच सीडी होईना."

"करा की, दादा. कोर्टाचं काम हाय."

त्यानं हात लांबवून माउस धरला. भुजंग नुकताच आत गेला होता. गेट रिकामं दिसत होतं.

गोजरबाईनं त्याचा हात धरला. "आत्ता न्हाई, दादा. पुन्ना येऊ द्या त्यांना. आत जायच्या आधी बंद करा."