मधली रेघ

सात वर्षांपूर्वी हार्ड डिस्कचे दोन कप्पे त्यानेच पाडले होते. मोठा स्वतःच्या सिनेमांसाठी, चिमुकला बायकोच्या शिवणकामासाठी. शिवलेल्या प्रत्येक झग्याचा फोटो ती त्यात ठेवायची. जागा संपली म्हणाली, तेव्हा त्याने मान वर न करताच थाप मारली होती, "कप्पा एकदा पाडला की वाढत नाही. जुनं पुसत जा." आज त्याच्याच सिनेमांना जागा पुरेना, तिच्या कप्प्यात मोकळी दिसली, म्हणून तो माउसने मधली रेघ तिकडे ओढत होता. "ही सरकते?" मागून तिने विचारलं. तिने शिलाई मशीनच्या खणातून वही काढली. पानोपानी पेन्सिलीने काढलेले झगे, शेजारी रंगांची नावं. "फोटो पुसायच्या आधी मी वहीत उतरवून घ्यायचे," ती म्हणाली. "तुला लागत असेल तर सरकव अजून." आताही त्याची मान वर झाली नाही.