वीस किलोंची पिशवी

बाल्कनीत एक स्टूल, दोन रबरी पट्टे आणि वाळू भरलेली एक कॅनव्हासची पिशवी होती. पिशवीवर काळ्या रंगाने ठसठशीत २० लिहिलं होतं. साहेब ती छातीशी कवटाळून उठाबशा काढत होते. सहावी झाली. सातवी झाली. आठवीला मांड्या थरथरल्या, तोंडातून "आई गं" निघालं, पण ते उठले.

"संपलं," पिशवी खाली टेकवत ते म्हणाले. "सोळा आठवडे झाले. पहिल्या दिवशी वीस किलो जेवढे जड होते, तेवढेच आज. पाय म्हातारे झाले. मी नाव काढून घेतो."

रविवारच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीतून नाव काढायला बारापर्यंत वेळ होता. गेल्या वर्षी दीड तासाची मर्यादा तीन मिनिटांनी हुकली आणि मागून येणाऱ्या गाडीने साहेबांना उचलून आणलं. सदुसष्टाव्या वर्षी त्या गाडीत पुन्हा बसायचं नव्हतं. फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं, पायांत ताकद आणा, दर आठवड्याला थोडं थोडं वजन वाढवा. साहेबांनी त्यात आपला नियम घातला: आधी वीस हलके वाटू देत, मग वाढवू. ते कधी हलके वाटलेच नाहीत.

"टाकीजवळचा चढ हल्ली न थांबता चढता की," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे त्यांची बायको. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे घरातही सगळे बाईच म्हणत.

"ती थंड हवेची कमाल."

"बरं. मग नाव काढण्याआधी पिशवी तोला."

साहेब दुखावले. वजनमापं तपासायच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. ते लांबून दिसले की दुकानदार तराजू पुसायला घेत.

"मी स्वतः तोलून आकडा टाकलाय. वाळू काय पळून जाते?"

"शिक्क्याला मुदत असते, वजनं पुन्हा तपासून घ्या, असं लोकांना कोण दटावायचं? आणि घरी मात्र दिव्याखाली अंधार!"

साहेबांनी कपाटातून हुकाचा काटा काढला, दाराच्या वरच्या आकड्याला टांगला आणि त्याला पिशवी अडकवली. बाई हसू दाबत मागे उभ्या राहिल्या.

काटा वीसपाशी थांबला नाही.

साहेबांनी काचेवर टिचकी मारली. पिशवी काढून शून्य पाहिलं. मग आपलं जुनं पाच किलोचं प्रमाणित वजन लावलं. बरोबर पाच.

"अगं, ही काय भानगड आहे?"

"तुम्ही शनिवारी पळायला गेलात की मी पिशवीचं तोंड सोडते आणि डबाभर वाळू घालते!" बाईंना आता राहवेना. "सोळा शनिवार! एकदाही चुकले नाही!"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून गणितं अवघड केली की अख्खा वर्ग रडतो. न सांगता केली की पोरं सोडवून मोकळी होतात."

साहेब आधी लाल झाले, मग पोट धरून हसले. फोनवर अर्धवट लिहिलेला नाव काढण्याचा निरोप त्यांनी पुसून टाकला. पण खात्याची शिस्त सुटेना. तीनदा तोलल्याशिवाय आकडा मांडायचा नाही.

"घ्या लिहून," ते म्हणाले. बाई पेन घेऊन तयारच होत्या. पिशवी तीनदा चढली, तीनदा उतरली. तिन्ही ओळींत एकच नोंद झाली.

एकतीस किलो दोनशे ग्रॅम.