भोंग्यावरची नावं

“खरं असतं तर भोंग्यावर आलं असतं,” गोजरबाई म्हणाल्या आणि शेळीपुढं पाला टाकू लागल्या.

तलाठी धनश्री मॅडम घोटाभर चिखलात उभ्या होत्या. वरच्या अंगाला पाझर तलावाचा भराव पहाटेपासून खचत होता. “दहापर्यंत टिकेल, पुढचं सांगता येत नाही,” असं पाटबंधाऱ्याच्या माणसानं फोनवर सांगितलं होतं. फुटला की पाणी पहिलं येणार ते ओढ्याकाठच्या या एकोणीस घरांत. मॅडमनी एकोणीसही दारं वाजवली होती. एकोणीसही घरांनी त्यांना चहा विचारला. उठलं कुणीच नाही.

“आजी, मी सरकारी माणूस आहे. मी स्वतः सांगतेय ना.”

“तू कालची पोर, बाय. आमच्यात कोन मेलं तरी भोंग्यावर आल्याबिगर आमी रडत न्हाई.”

मॅडम देवळाकडं पळाल्या. वाटेत करण आडवा आला. करण म्हणजे एका युट्यूब चॅनेलचा मालक, संपादक आणि कॅमेरामन. त्यानं पळतापळताच माइक पुढं केला.

“मॅडम, परिस्थितीबद्दल काय सांगाल?”

“पळा!”

“ही अधिकृत प्रतिक्रिया समजायची का?”

भैरवनाथाच्या देवळातला भोंगा श्रीमंतअण्णांच्या ताब्यात. बारशापासून दहाव्यापर्यंत गावाला जे काही कळतं, ते त्यांच्याच आवाजात. मॅडमनी धापा टाकत सगळं सांगितलं. अण्णांनी गंभीरपणे मान डोलावली, घसा साफ केला, माइकवर दोन बोटांनी टिचकी मारली.

“गावचे लाडके, कार्यसम्राट सरपंच आप्पासाहेब, सोसायटीचे विद्यमान चेअरमन, दूध डेअरीचे माजी संचालक…”

“अण्णा, पाणी!”

अण्णांनी माइकवर तळहात ठेवला. “पानी नावांनंतर घेतो. एक नाव राहिलं ना, तर मानूस वर्षभर तोंड बघत न्हाई.”

साडेनऊ झाले होते. माजी संचालक एकंदर अकरा होते. मॅडमनी माइक हिसकावला.

“तलाव फुटतोय! ओढ्याकाठच्या लोकांनो, शाळेत या! ताबडतोब या!”

देवळाच्या पायरीवरून खालची वस्ती तळहातासारखी दिसत होती. एका माणसानं मान वर केली, इकडं तिकडं पाहिलं आणि पुन्हा म्हशीखाली बसला. तेवढ्यात अण्णांचा मोबाईल वाजला. अण्णांनी ऐकून घेतलं.

“खालून सुनील इचारतोय, टेस्टिंग किती वेळ चालनार हाय?”

“टेस्टिंग?”

“नावं कुठं घेतली तुमी? नावाबिगर कार्यक्रम सुरू झालाय असं कोन म्हनंल?”

मॅडम पायरीवर बसल्या. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला दिलेली चार वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. घाम पुसायला पर्समधून रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर एक घडी घातलेला कागद आला. मागच्या पुराच्या पंचनाम्याची यादी. वस्ती तीच, नावं तीच. मॅडम कागदाकडं बघत राहिल्या. मग उठल्या.

“अण्णा, ही नावं घ्या. मानपानासकट.”

अण्णांनी चष्मा लावला. यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. “ही तर कधीच घेतली न्हाईत.”

“आज घ्या.”

अण्णांनी पुन्हा टिचकी मारली.

“आजच्या कार्यक्रमाच्या प्रमुख अतिथी, गावच्या आधारस्तंभ, मातोश्री गोजरबाई सखाराम पिसाळ यांना नम्र विनंती, त्यांनी शेळ्यांसह शाळेच्या व्हरांड्यात स्थानापन्न व्हावं! त्यांच्या पाठोपाठ, दुग्धव्यवसायातलं उगवतं नेतृत्व, माननीय सुनीलराव, यांनी म्हशीसह…”

खाली एक दार उघडलं. मग दुसरं. सुनीलनं धार अर्धी सोडली. चौथ्या नावाला बायका पदर सारखा करत अंगणात आल्या, सातव्या नावाला म्हाताऱ्यांनी ठेवणीतल्या टोप्या काढल्या. एकोणिसावं नाव घेतलं तेव्हा अख्खी वस्ती, जनावरांसकट, शाळेचा चढ चढत होती. कुणी धावत नव्हतं. मानाची माणसं धावत नाहीत.

तलाव बरोबर दहाला फुटला. त्या दिवशी तालुक्यात वेळ पाळणारा तो एकटाच. ओढ्याकाठी फक्त छपरं उरली, तीही थोडा वेळ. माणूस गेलं नाही, शेळीही गेली नाही.

शाळेत सरपंच आप्पासाहेब तणतणत आले. त्यांचं घर टेकावर, कोरडं ठणठणीत.

“मॅडम, माझ्या नावानं सुरुवात केली आन मधीच तोडलं. गावात काय संदेश गेला?”

“आप्पासाहेब, तुमचं घर वाहून जायची वेळ आली की पहिलं नाव तुमचंच घेऊ.”

आप्पासाहेबांनी त्यावर मनापासून विचार केला. “तरी अध्यक्षस्थानी तरी म्हनायचं हुतं.”

व्हरांड्यात, हेडमास्तरांच्या खुर्चीवर गोजरबाई बसल्या होत्या. अंगावर सणाचं लुगडं, पायाशी तीन शेळ्या. घर होतं तिकडं त्यांनी एकदा पाहिलं, पुन्हा नाही पाहिलं. मग त्यांनी अण्णांना खुणेनं जवळ बोलावलं.

“श्रीमंता, मगाशी शेळ्या सोडायच्या नादात मला नीट ऐकू आलं न्हाई बघ. माझं नाव परत एकदा घे की.”

माइक देवळात राहिला होता, वीजही गेली होती. अण्णांनी घसा साफ केला, रिकामी मूठ तोंडाशी धरली आणि तिच्यावर दोन बोटांनी टिचकी मारली.