यंदा वैद्य कोण?

दर वर्षी काही आठवडे रंगणाऱ्या फाशांच्या त्या खेळात योद्धा, चोर, जादूगार असं एकेक पात्र घ्यायचं असे. वैद्य कुणालाच नको असायचा, म्हणून सहा वर्षं तो मुक्ताच्याच गळ्यात पडला होता.

आज मात्र फिरोजने जादूगाराचा कागद तिच्यापुढे सरकवला. "या वेळी तू मजा कर. वैद्य मी होतो."

"नाहीतर मी होतो की," हेरंब घाईघाईने म्हणाला.

मुक्ता हसता हसता थांबली. हल्ली रक्ततपासणीत प्रत्येकाच्या मृत्यूची तारीख कळत असे; आपली तारीख तिला बघायची नव्हती. ते पाकीट तिने या दोघांकडेच ठेवायला दिलं होतं, न उघडण्याच्या अटीवर.

"हा डाव किती चालेल?"

"दोनेक महिने," फिरोज म्हणाला.

"तोवर मी असेन?"

हेरंबने फासे तिच्या तळहातावर ठेवले. "आज पहिली तूच टाक."