डाव्या चाकाचे नट

"हे नट बसवले कुणी, शत्रूनं? सुटतच नाहीत लेकाचे!" सुभेदार डाव्या चाकापाशी बसून करवादले. रॉकेलचा डबा धरून उभ्या मंदाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

लष्करानं भंगारात काढलेला हा क्रेनवाला ट्रक एके काळी रुतलेल्या गाड्या ओढून काढायचा. निवृत्तीनंतर सुभेदारांनी तो अंगणात आणला आणि मंदाताईंना उतारवयात सवत मिळाली. आता रविवारी जुन्या गाड्यांची रॅली होती. घाट उतरून ट्रक तिथवर न्यायचा होता, आणि चालवणार सुभेदारच होते.

त्यांनी पान्यावर पाय देऊन जोर लावला. कटकन बोल्ट तुटला.

"मालच हलका, उस्ताद," जगदाळे पटकन म्हणाला. लष्करी वर्कशॉपमध्ये तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. या ट्रकच्या डाव्या चाकांचे नट उलटे फिरवले की सुटतात, हे त्यांनीच त्याला टपल्या मारून शिकवलेलं.

"उन्हानं लोखंड फुगतं," मंदाताईंनीही भर घातली. नटांचं त्यांनाही एव्हाना पाठ झालं होतं. गेल्या आठवड्यात सुभेदार घराची गल्ली चुकले, तेव्हाही दोघांनी मिळून रस्त्याच्या खोदकामाला शिव्या घातल्या होत्या.

सुभेदार तुटका तुकडा तळहातावर घेऊन बघत राहिले. त्याच्या उलट्या आट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग पाना जगदाळेच्या हातात दिला.

"घाटात गाडी तू चालव. आणि ब्रेक सगळे उघडून बघ पुन्हा, मी बसवलेत."

"अहो, पण..." मंदाताई म्हणाल्या.

"मी विसरायला लागलोय गं," ते म्हणाले.